अँटिबॉडी खराब नाही, तिला धरायची जागा पेशीच्या आत आहे

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापुरात पीएच.डी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीला बघायचं आहे की, सांगलीच्या हळदीचा अर्क दिल्यावर ए४३१ या माणसाच्या त्वचेच्या कर्करोगापासून वाढवलेल्या पेशींच्या पृष्ठभागावरचा ईजीएफआर हा रिसेप्टर (ईजीएफ या वाढघटकाला धरणारं प्रथिन) कमी होतो का. त्यासाठी तिने सशात तयार केलेली ईजीएफआरची अँटिबॉडी मागवली, १०० मायक्रोलिटरची एकच कुपी. वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिनं जेलवर वजनानुसार वेगळी करून अँटिबॉडीने ओळखायची पद्धत) १७० किलोडाल्टनला ठसठशीत पट्टा येतो, पण डेटाबेसमध्ये वजन १३४ दिलेलं आहे. शिवाय ७० च्या आसपास एक फिकट पट्टा दिसतो. पुण्याला नमुने नेऊन फ्लो सायटोमेट्री (चमकणारा रंग लावून एकेका पेशीची चमक मोजणं) केली, तर जिवंत पेशींवर काहीच नाही, फक्त आलेखाच्या उजवीकडे, जास्त चमकेच्या बाजूला, एक बारीक उंचवटा. गाइड म्हणतात अँटिबॉडी खराब निघाली, दुसरी मागवा. अनुदानात तेवढे पैसे उरलेले नाहीत.

दुसरी कुपी मागवू नकोस. निदान एवढ्यात तरी नको. तू जे लिहिलंयस त्यावरून तुझी अँटिबॉडी मला ठणठणीत वाटते, आणि गाइड सरांना ते पटवायला लागणारा पुरावा तुझ्याच प्रश्नात आहे. डेटाशीटमधली एक ओळ तू जाता जाता उतरवली आहेस: ही अँटिबॉडी मानवी ईजीएफआरच्या सी-टोकाजवळच्या कृत्रिम पेप्टाइडविरुद्ध तयार केलेली आहे. ईजीएफआरचं सी-टोक पेशीच्या आत असतं. जिवंत, अखंड पेशीत अँटिबॉडी शिरत नाही. मग फ्लोमध्ये सिग्नल येणार कुठून?

एकदा रिसेप्टरचा नकाशा डोळ्यांसमोर आण. माणसाचा ईजीएफआर तयार होतो तेव्हा १२१० अमिनो आम्लांचा असतो. पहिली २४ म्हणजे सिग्नल पेप्टाइड, ती कापली जातात. २५ ते ६४५ हा भाग पेशीबाहेर असतो, ईजीएफ येऊन बसतो तो इथे. ६४६ ते ६६८ एवढा छोटा तुकडा पेशीपटलातून आरपार जातो. ६६९ पासून पुढचं सगळं आत: आधी कायनेज (फॉस्फेट जोडणारा भाग), मग लांब शेपटी. तुझी अँटिबॉडी त्या शेपटीला धरते.

कॅटलॉगमध्ये ‘अँटी-ईजीएफआर’ असं ठळक छापलेलं असतं, त्यामुळे आपण धरून चालतो की ईजीएफआर असेल तिथे ही चिकटणारच. पण अँटिबॉडीला अख्खं प्रथिन कळत नाही. मोजक्या अमिनो आम्लांची एक जागा तिच्या पकडीत येते, तिला आपण एपिटोप म्हणतो. काही अँटिबॉडींना ती एका विशिष्ट घडीतच लागते, काहींना उलगडलेली. म्हणून पृष्ठभागावरच्या कुठल्याही रिसेप्टरची अँटिबॉडी हातात आली की मी किमतीच्या आधी दोन गोष्टी बघते. एपिटोप पटलाच्या आतल्या बाजूला आहे की बाहेरच्या? आणि आपल्या प्रयोगात प्रथिन घडी घातलेल्या अवस्थेत असणार आहे की उलगडलेल्या? तुझ्या सगळ्या गोंधळाचं उत्तर या दोन प्रश्नांत आहे.

वेस्टर्नमध्ये आपण पेशी फोडतो, एसडीएस हे डिटर्जंट घालतो, मर्कॅप्टोइथेनॉल घालून तापवतो. प्रथिन उलगडतं, आत-बाहेर असा भेदच राहत नाही. सरळ पेप्टाइडविरुद्ध बनवलेल्या अँटिबॉडीला याहून सोयीचं काय असणार? फ्लोमध्ये जिवंत पेशीवर मात्र फक्त बाहेरचा भाग मिळतो, तोही घडी शाबूत असलेला. याची उलटी तक्रारही माझ्याकडे तितक्याच वेळा येते. ५२८ किंवा २२५ हे जुने नावाजलेले उंदराचे क्लोन (एकाच पेशीच्या वंशातून मिळणाऱ्या अँटिबॉडी) घे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात ए४३१ पेशींमधला रिसेप्टर वापरूनच ते काढले होते. ते बाहेरच्या, घडीतल्या भागाला धरतात, त्यामुळे फ्लोमध्ये छान चालतात, पण नेहमीच्या तापवलेल्या वेस्टर्नमध्ये बहुतेक वेळा पाटी कोरी. तिथेही लोक म्हणतात, अँटिबॉडी खराब निघाली.

तुझ्या डेटाशीटवर वापरांच्या यादीत फ्लो असेलही. त्याच्या शेजारी ‘पेशी सच्छिद्र केल्यावर’ अशा अर्थाचं काही लिहिलंय का ते नीट बघ. बहुतेक असणार. ही माहिती बारीक अक्षरात असते आणि वितरकाच्या प्रतिनिधीला ती माहीत असतेच असं नाही.

आता तो उजवीकडचा उंचवटा. तू लिहिलंयस की निदान काही पेशी तरी रंगल्या, म्हणून जरा आशा वाटली. त्या पेशी जवळजवळ नक्कीच मेलेल्या आहेत. मेलेल्या पेशीचं पटल फाटलेलं असतं, अँटिबॉडी आत जाते, शेपट्या सापडतात, आणि वर इतर कशालाही चिकटून बसते. तुझ्या प्रयोगात हा सापळा आणखी वाईट आहे. अर्क जसा वाढवशील तशा जास्त पेशी मरतील, उंचवटा मोठा होईल, आणि आलेखावर दिसेल की हळदीने ईजीएफआर वाढला. म्हणून मृत पेशी ओळखणारा रंग घातल्याशिवाय पुढचा एकही नमुना मशीनवर लावू नकोस. लगेच वाचणार असशील तर प्रोपिडियम आयोडाइड पुरे. फिक्स करून पुण्याला नेणार असशील तर ते चालणार नाही, कारण फिक्स केल्यावर सगळ्याच पेशी ते आत घेतात. तेव्हा अमाइनला कायमचा जोडला जाणारा फिक्सेबल रंग घे आणि तो फिक्स करायच्या आधी लाव.

१७० आणि १३४ चा घोळ सोपा आहे. १३४ हे नुसत्या अमिनो आम्लांच्या साखळीचं गणिती वजन. पेशीतल्या ईजीएफआरच्या बाहेरच्या भागावर अनेक ठिकाणी साखरेच्या साखळ्या लागलेल्या असतात, त्यामुळे जेलवर तो १७० ते १७५ ला धावतो. कोणी शंका घेतलीच तर लायसेटचा (फोडलेल्या पेशींच्या रसाचा) थोडा भाग पीएनगेज-एफ या एन्झाइमने पचवून शेजारच्या लेनमध्ये लाव. एन-जोडणीच्या साखरा निघून जातात आणि पट्टा १३० च्या आसपास घसरतो. व्हायव्हात हा एक ब्लॉट फार कामाला येतो. मुख्य पट्ट्याच्या किंचित खाली, १६० च्या आसपास अजून एक दिसला तर घाबरू नकोस, तो साखरा पुऱ्या न झालेला, अजून पेशीच्या आतच असलेला कच्चा ईजीएफआर असू शकतो.

जाता जाता एक. पुढे फॉस्फो-ईजीएफआरची (फॉस्फेट लागलेल्या ईजीएफआरची) अँटिबॉडी घेशील तेव्हा क्रमांकांनी गोंधळून जाशील. जुन्या शोधनिबंधांत सिग्नल पेप्टाइडची २४ अमिनो आम्लं सोडून मोजायचे, नव्यांत धरून मोजतात. त्यामुळे जुना टायरोसिन १०६८ आणि नवा १०९२ हे एकच. दोन वेगळ्या जागा समजून दोन्हींच्या अँटिबॉडी मागवणारे लोक मी पाहिलेत.

७० चा पट्टा मात्र मी मोकळा सोडणार नाही. तो ईजीएफआरचा तुटलेला तुकडा असू शकतो किंवा दुसरंच काहीतरी असू शकतं. आधी एक पट्टी फक्त सेकंडरी (मूळ अँटिबॉडीला धरणारी, खूण लावलेली दुसरी अँटिबॉडी) लावून बघ. ७० तिथेही आला तर विषय सेकंडरीचा, मूळ अँटिबॉडीचा नाही. नाही आला तर ईजीएफआर नसलेल्या पेशींचं लायसेट लाव. रक्ताच्या वंशातल्या के५६२ किंवा जुरकॅट पेशींत ईजीएफआर नसतो. १७० गेला आणि ७० तसाच राहिला, तर तिथे अँटिबॉडी दुसऱ्याच प्रथिनाला चिकटते आहे आणि मोजताना तो पट्टा धरायचा नाही. एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशीला निगेटिव्ह म्हणून वापरू नकोस. तिच्यात ईजीएफआर फार कमी असतो, शून्य नसतो, आणि जास्त वेळ एक्स्पोजर दिलं की फिकट पट्टा येऊन वाद सुरू होतो. के५६२ आणि जुरकॅट पुण्याच्या एनसीसीएस या पेशी-संशोधन संस्थेच्या भांडारातून मिळतात. विद्यापीठात कोणाकडे तरी द्रव नायट्रोजनमध्ये पडलेल्याही असतील, विचारून बघ. आपल्याकडे शेजारच्या विभागात काय आहे हे दोन मजले चढून कोणी विचारत नाही.

अजून एक गंमत. ए४३१ पेशी ईजीएफआरचा पटलाबाहेरच्या भागापुरताच एक तोकडा अवतारही बनवून बाहेर सोडतात, ११० च्या आसपासचा. तो तुझ्या ब्लॉटमध्ये दिसत नाही, आणि दिसायलाही नको, कारण त्याला शेपटीच नाही. बाहेरच्या भागाविरुद्धची अँटिबॉडी लावली असतीस तर कदाचित तो दिसला असता. पट्टा न दिसणंसुद्धा एपिटोपबद्दल काहीतरी सांगतं ते असं.

हे निगेटिव्ह पेशींचं प्रकरण मी उगाच लावून धरत नाही. २०१६ मध्ये या विषयातल्या जाणकारांच्या आंतरराष्ट्रीय गटाने अँटिबॉडी तपासायच्या पाच वाटा मांडल्या. जनुक काढून टाकून किंवा दाबून बघणं, अँटिबॉडीविना होणाऱ्या दुसऱ्या पद्धतीशी ताडून बघणं, वेगळ्या एपिटोपची स्वतंत्र अँटिबॉडी लावणं, खूण लावलेलं प्रथिन पेशीत व्यक्त करून बघणं, आणि अँटिबॉडीने ओढून आणलेलं प्रथिन मास स्पेक्ट्रोमेट्रीने ओळखणं. २०२३ मध्ये एका मोठ्या अभ्यासाने ६५ प्रथिनांच्या ६१४ बाजारी अँटिबॉडी नॉकआउट (ते जनुक काढून टाकलेल्या) पेशींवर तपासल्या. निम्म्याहून जास्त कुठल्या ना कुठल्या वापरात नापास झाल्या. रिकॉम्बिनंट (ठरावीक जनुकावरून बनवलेल्या) अँटिबॉडींची कामगिरी त्यात सगळ्यात चांगली होती. आपल्या लॅबमध्ये नॉकआउट पेशी नसतात हे मला मान्य आहे. पण ईजीएफआरच्या बाबतीत नैसर्गिकरीत्याच रिसेप्टर नसलेल्या पेशी मिळतात. ही सोय सगळ्या प्रथिनांना नसते. तुला ती आहे, तर वापर.

आता तुझा खरा प्रश्न: पृष्ठभागावरचा ईजीएफआर कमी होतो का. इथे कोणी तुला सांगेल, सोपं आहे, पेशी फिक्स कर, ट्रायटनने किंवा सॅपोनिनने भोकं पाड, मग तुझी अँटिबॉडी आत जाईल. जाईल, आणि सिग्नलही झकास येईल. पण मग तू मोजलास तो एकूण ईजीएफआर, पटलावरचा आणि आतल्या पिशव्यांमधला मिळून. अर्कामुळे रिसेप्टर नुसता आत ओढला गेला असेल तर एकूण आकडा हलणारही नाही. सच्छिद्र करून रंगवणं हा अँटिबॉडी जिवंत आहे की नाही याचा पुरावा म्हणून एकदा जरूर कर. गाइड सरांना दाखवायला तोच आलेख उत्तम: एकच कुपी, अखंड पेशीवर सपाट, सच्छिद्र पेशीवर उजवीकडे सरकलेला. सॅपोनिन वापरलंस तर ते शेवटपर्यंत प्रत्येक बफरमध्ये ठेव, त्याची भोकं परत बुजतात.

तुझ्याच कुपीने पृष्ठभागाचं उत्तर काढायची एक वाट आहे आणि मला तीच सगळ्यात आवडते. तिचं नाव सरफेस बायोटिनायलेशन. पेशी थाळीतच चिकटलेल्या असू देत. बर्फावर ठेव, गार पीबीएसने (फॉस्फेट असलेल्या मिठाच्या बफरने) दोनदा धू, मग सल्फो-एनएचएस-बायोटिन घाल, मिलिलिटरला अर्धा मिलिग्रॅम, अर्धा तास, सगळं ४ अंशांवर. त्या सल्फो गटावर विद्युतभार असल्यामुळे रेणू पटल ओलांडत नाही. म्हणजे बायोटिन लागतो तो फक्त बाहेर डोकावणाऱ्या प्रथिनांना. उरलेलं बायोटिन १०० मिलिमोलर ग्लायसिनने संपव. पेशी फोड, बायोटिनला घट्ट धरणाऱ्या स्ट्रेप्टॅव्हिडिनच्या मण्यांवर बायोटिनवाली प्रथिनं ओढ, मणी धुऊन सॅम्पल बफरमध्ये उकळ आणि वेस्टर्न लाव. आता शेपटी पेशीच्या आत होती की बाहेर याने काही फरक पडत नाही. निवड बायोटिनने करून झालेली आहे, तुझ्या अँटिबॉडीने फक्त ओळख पटवायची आहे. शेजारी ओढण्याआधीचं एकूण लायसेट लाव, म्हणजे पृष्ठभाग आणि एकूण दोन्ही एकाच ब्लॉटवर येतात.

यात लोक तीन ठिकाणी अडकतात. ट्रिस बफर: त्यात अमाइन असतो, तो बायोटिन स्वतःच खाऊन टाकतो, म्हणून ग्लायसिन घालेपर्यंत फक्त पीबीएस. बायोटिनची शिळी बाटली: तो पाण्यात लवकर निकामी होतो, तेव्हा वजन कर, विरघळव आणि लगेच वापर, दमट हवेत बाटली फ्रीझरमधून काढल्या काढल्या उघडायची नाही, आधी बंदच ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची. कोल्हापूरच्या पावसाळ्यात तर नादच करू नकोस. आणि तिसरं म्हणजे फुटक्या पेशी. ओढलेल्या नमुन्यात ॲक्टिन किंवा जीएपीडीएच ही पेशीच्या आतली प्रथिनं दिसली, तर बायोटिन आत गेला आहे आणि तो ब्लॉट बाद. पृष्ठभागाचा लोडिंग कंट्रोल (प्रत्येक लेनमध्ये सारखाच माल गेला का ते दाखवणारं प्रथिन) म्हणून सोडियम-पोटॅशियम एटीपेज घे. बायोटिन न लावलेली एक थाळी हवीच. ब्लॉकिंगला दूध वापरायची सवय असेल तर इथे ते चालेल, कारण शोधायला तू सशाची अँटिबॉडी लावणार आहेस; पण कधी स्ट्रेप्टॅव्हिडिन-एचआरपीने (एचआरपी म्हणजे ब्लॉटवर सिग्नल देणारं एन्झाइम) ब्लॉट करायची वेळ आली तर दूध टाळ, दुधात बायोटिन असतो.

फ्लोच करायचं असेल, म्हणजे पेशीगणिक वाटणी बघायची असेल, तर बाहेरच्या भागाची अँटिबॉडी लागेल. त्यासाठीही लगेच खरेदी करायची गरज नाही. सेटुक्सिमॅब हे औषध म्हणजे २२५ क्लोनचा पकडणारा भाग आणि माणसाच्या आयजीजी१ या प्रकारच्या अँटिबॉडीचं उरलेलं अंग. २००४ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि डोक्या-मानेच्या कर्करोगात ते आपल्याकडेही देतात. तंबाखू आणि मिश्रीमुळे आपल्या भागात तोंडाचे कर्करोग किती आहेत हे तुला सांगायला नको. रुग्णाला मात्रा दिल्यावर कुपीत उरणारे थेंब एरवी टाकूनच दिले जातात. एखाद्या कर्करोग रुग्णालयाच्या औषध विभागाकडे गाइडच्या सहीचं रीतसर पत्र घेऊन जा, संस्थेची परवानगी घे, लॉट क्रमांक लिहून घे. असे थेंब संशोधनाला देणाऱ्या जागा असतात. सेकंडरी मात्र माणसाच्या आयजीजीविरुद्धची लागेल, तुझी सशाविरुद्धची चालणार नाही. कंट्रोल म्हणून त्याच मार्गाने रितुक्सिमॅबचे थेंब मिळाले तर सोन्याहून पिवळं: तेही उंदीर-माणूस जोडलेलं आयजीजी१ आहे आणि ते ज्या सीडी२०ला धरतं तो ए४३१ वर नसतो. आयसोटाइप कंट्रोल (त्याच प्रकारची, पण या पेशीवर धरायला काही नसलेली अँटिबॉडी) नुसता नावाने जुळून भागत नाही, तेवढ्याच सांद्रतेने लावावा लागतो. हे मी परीक्षक म्हणून जिथे तिथे विचारते आणि बहुतेक वेळा समोरून शांतता असते.

किती घालायची याचा हिशोब कागदावर कर. एक मायक्रोग्रॅम आयजीजीमध्ये साधारण ४ लाख कोटी रेणू असतात. ए४३१ च्या एका पेशीवर १० ते ३० लाख ईजीएफआर असतात, जनुकाच्या प्रती वाढल्यामुळे. मध्यावरचा २० लाख धरला तर १० लाख पेशींवर झाले २ लाख कोटी रिसेप्टर. म्हणजे डेटाशीटवर लिहिलेला ‘१० लाख पेशींना १ मायक्रोग्रॅम’ हा डोस इथे रिसेप्टरच्या जेमतेम दुप्पट आहे, आणि तू पेशी थोड्या जास्त घेतल्यास की अँटिबॉडीच कमी पडायला लागते. मग जो फरक दिसतो तो रिसेप्टरचा नसतो, पेशी मोजण्यातल्या चुकीचा असतो. म्हणून पेशी कमी घे, लाखभर पुरेत. पेशी ठरवून ठेव आणि अँटिबॉडी निम्मी-निम्मी करत सात-आठ नळ्या लाव. सिग्नल वर जाऊन जिथे सपाट होतो तिथली मात्रा घे. याच मात्रेने के५६२ रंगवशील तेव्हा एक लक्षात ठेव: तिच्यावर ईजीएफआर नसला तरी सीडी३२ हा एफसी रिसेप्टर असतो, तो अँटिबॉडीच्या दांड्याला धरू शकतो आणि तुझी निगेटिव्ह पेशी थोडी उजळते. अँटिबॉडी आणि सेकंडरी दोन्ही माणसाच्या आयजीजीभोवती फिरत असल्यामुळे माणसाच्या आयजीजीने ब्लॉक करायची सोयही इथे नाही. सरळ जुरकॅट घे.

आता हळद. करक्युमिन स्वतः चमकतो. निळ्या ४८८ च्या लेझरवर तो हिरव्या खिडकीत, म्हणजे तुझ्या एफआयटीसी या हिरव्या रंगाच्याच जागी, दिसतो आणि पेशींना चिकटून राहतो. अर्क दिलेल्या पण अँटिबॉडी न लावलेल्या पेशी प्रत्येक मात्रेला वेगळ्या लावल्या नाहीस तर तुझा सगळा डेटा हळदीचा रंग मोजेल. सेकंडरी लाल लेझरवरची घे, ॲलेक्सा ६४७ किंवा एपीसी. करक्युमिनबद्दल माझं एक मत आहे, पटलं तर घे: हा रेणू इतक्या वेगवेगळ्या चाचण्यांमध्ये खोटा होकार देतो की औषधरसायनवाले त्याच्याकडे संशयानेच बघतात. तुझ्या प्रबंधाचा परीक्षक तसा निघाला तर त्याला दोन वेगळ्या तत्त्वांवरच्या पद्धतींनी आलेलं एकच उत्तर दाखवावं लागेल. बायोटिनायलेशनचा ब्लॉट आणि लाल खिडकीतला फ्लो ही जोडी त्यासाठी चांगली आहे.

पेशी थाळीवरून सोडवताना ट्रिप्सिन नको. ते पृष्ठभागावरची प्रथिनं कुरतडतं. ईडीटीए वापर, ए४३१ चिवट आहेत, थोडा वेळ लागेल, लागू दे. रंगवणं सगळं बर्फावर. ३७ अंशांवर रिसेप्टर सतत आत-बाहेर करतो, आणि दोन हातांची अँटिबॉडी स्वतःच त्याला आत ओढू शकते. बफरमध्ये ०.१ टक्का सोडियम अझाइड घालतात ते यासाठीच, पण तेच अझाइड वेस्टर्नच्या एचआरपीला मारतं, तेव्हा दोन्ही कामांच्या बाटल्या वेगळ्या ठेव. अर्क देण्याआधी पेशी रात्रभर सीरमविना ठेव, सीरममधली वाढघटकांची हालचाल वेगळी करता येते.

पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून ईजीएफ देशील, द्यायलाच हवा, पण इथे एक खाच आहे. ईजीएफ आणि २२५, ५२८ किंवा सेटुक्सिमॅब एकाच जागेसाठी भांडतात. ईजीएफ दिल्यावर फ्लोचा सिग्नल पडला तर रिसेप्टर आत गेला की नुसती जागा अडली हे तुला सांगता येणार नाही. हळदीच्या अर्कातल्या एखाद्या घटकाने तीच जागा अडवली तरी तसंच दिसेल. बायोटिनायलेशनमध्ये हा प्रश्नच उद्भवत नाही. दुसरं म्हणजे ए४३१ वर रिसेप्टर इतके प्रचंड आहेत की आत ओढणारी यंत्रणा अपुरी पडते, ईजीएफने होणारी घट त्यामुळे अर्धवट दिसते. शेजारी हेला (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या) पेशी लाव. तिथे रिसेप्टर बेताचे आहेत आणि घट स्वच्छ दिसते. खरं विचारशील तर हा सगळा प्रश्नच मी ए४३१ ऐवजी हेलावर विचारला असता. ए४३१ अँटिबॉडी तपासायला उत्तम आहेत, रिसेप्टरची ये-जा बघायला नाहीत.

पुण्याची फेरी करताना रंगवून झालेल्या पेशी १ टक्का पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये फिक्स कर, नळ्या फॉइलमध्ये गुंडाळ, बर्फाच्या डब्यात ठेव, गोठू देऊ नकोस आणि दुसऱ्या दिवसापर्यंत वाचून घे. पीई-साय७ सारखे जोडरंग या प्रवासात तुटतात आणि भलत्याच खिडकीत दिसायला लागतात. एकच रंग आणि एक मृत पेशींचा रंग, एवढ्यावर भागव.

कुपी आधीच जपून ठेव. ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये असेल तर उणे २० ला ती गोठत नाही, छोटे वाटे करायची गरज नाही. ग्लिसरॉल नसेल तर १० मायक्रोलिटरचे वाटे कर, त्याहून लहान नको, नळीच्या भिंतीला चिकटून वाया जाते. आपोआप बर्फ वितळवणारा घरगुती फ्रीज वापरू नकोस. रंग जोडलेली सेकंडरी कधीच गोठवायची नाही, ती ४ अंशांवर अंधारात. पावसाळ्यात वीज गेली किंवा पार्सल वाटेत अडकलं म्हणून लगेच कुपी टाकायची नसते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली होता तेव्हा आपल्याकडे येणारा सगळाच माल वाटेत तुंबला होता. आयजीजी हा चिवट रेणू आहे, खोलीच्या तापमानाला काही दिवस बहुतेक वेळा सोसतो. जुन्या ए४३१ लायसेटचे वाटे उणे ८० ला ठेवलेले असतील तर एका ब्लॉटमध्ये निकाल लागतो. वारंवार गोठणं-वितळणं हे त्याहून जास्त मारतं.

शेवटी लिहिण्याबद्दल. प्रबंधात ‘ईजीएफआर अँटिबॉडी वापरली’ एवढंच लिहू नकोस. यजमान प्राणी, मोनोक्लोनल की पॉलिक्लोनल (एकाच प्रकारची अँटिबॉडी की मिश्रण), क्लोन, इम्युनोजेनचा भाग (ज्या तुकड्याविरुद्ध अँटिबॉडी बनवली तो), कॅटलॉग क्रमांक, लॉट, वापरलेली सांद्रता, आणि उपलब्ध असेल तर आरआरआयडी हा ओळखक्रमांक, हे सगळं दे. तुझी कुपी पॉलिक्लोनल असेल तर लॉट सगळ्यात महत्त्वाचा, कारण ससा बदलला की अँटिबॉडींचं मिश्रणच बदलतं. पुढची कुपी घ्यायची वेळ येईल तेव्हा तोच लॉट शिल्लक आहे का ते आधी विचार, नसेल तर जुन्या कुपीतले दोन वाटे राखून ठेव आणि दोन्ही लॉट एकाच ब्लॉटवर शेजारी लाव. सच्छिद्र आणि अखंड पेशींचे आलेख झाले की इथे टाक, मृत पेशींचं गेट (त्या वगळायची सीमा) कसं लावलंस तेही दिसू दे, मग सेकंडरीच्या मात्रेबद्दल सांगते.